स्प्रिंगचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी पिस्तुलाविषयी बोलणार आहे म्हटल्यावर काहींना वाटेल, हा विषय आमच्या काय कामाचा? सोलापूर हे चादरीचं आणि टॉवेलचं गाव. इथे सकाळी कानावर पडते ती यंत्रमागांची खडखड. पण याच गावात पोलीस आयुक्तालय आहे, ग्रामीण पोलिसांचं मुख्यालय आहे, सोरेगावला राज्य राखीव पोलीस बलाचा १० क्रमांकाचा गट आहे. शहरात आणि तालुक्यांत शस्त्र परवानाधारक आहेत. नेमबाजी शिकणारी मुलं-मुली आहेत. या सगळ्यांच्या हातात जे पिस्तूल येतं, त्याच्या पोटात काही स्प्रिंगा असतात. त्या बाहेरून दिसत नाहीत, त्यांची कुणी चौकशी करत नाही, आणि बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी दमतात त्याच. त्या कधी बदलायच्या, एवढंच मला आज सांगायचं आहे.

माझी ओळख दोन वाक्यांत करून देतो. मी आरमोरर म्हणून, म्हणजे हत्यारं तपासणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर म्हणून, गणवेशात नोकरी केली. ही नोकरी सगळी जिल्ह्याबाहेर झाली. पण स्प्रिंगचा पहिला धडा मी नोकरीत शिकलो नाही, तो इथेच, घरात शिकलो.

माझे वडील मिलच्या साचेखात्यात जॉबर होते. ठरावीक साचे त्यांच्या ताब्यात असत. साच्यात धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत सारखा धावत असतो, हे सोलापूरकरांना सांगायला नको. त्या पेटीत एक दाबपट्टी असते. वेगानं आलेल्या धोट्याला ती दाबून धरते आणि थांबवते. पट्टीला जोर देते ती मागची स्प्रिंग. ही स्प्रिंग ढिली झाली की धोटा पेटीत नीट बसत नाही, आपटून मागे उसळतो. सूत तुटतं, साचा आचका देऊन बंद पडतो आणि विणकराची मजुरी बुडते. वडील स्प्रिंग बदलली की साच्याच्या चौकटीवर खडूनं तारीख लिहून ठेवत. मी लहानपणी डबा घेऊन गेलो होतो तेव्हा त्यांना विचारलं, चांगली दिसणारी स्प्रिंग काढून का टाकता? ते म्हणाले, "मोडल्यावर कुणीही बदलतं. आधी बदलायला जॉबर ठेवलाय."

हे वाक्य मला पाठ होतं. तरीही एकदा मी ते विसरलो.

गोष्ट १९९० च्या दशकातली आहे. थंडीचे दिवस होते. चांदमारीवर जवानांचा पिस्तुलाचा सराव चालू होता. पिस्तूल ९ मिलिमीटरचं होतं. आठवडाभर आधी एक जवान मला म्हणाला होता, "उस्ताद, या पिस्तुलाच्या पुंगळ्या फार लांब जाऊन पडतात." मी हसून म्हणालो, "पडू देत, वेचायला पोरं आहेत." माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात मूर्खपणाचं उत्तर असेल.

त्या सकाळी तेच पिस्तूल एका नव्या पोराच्या हातात होतं. तीन गोळ्या व्यवस्थित सुटल्या. चौथ्या वेळी स्लाइड पुढे आली, पण पूर्ण मिटली नाही. अगदी थोडी मागे राहिली. त्यानं चाप ओढला, काही झालं नाही. पुन्हा ओढला, काही झालं नाही. आणि मग त्यानं जे केलं, ते घाबरलेला कुणीही माणूस करतो. मला दाखवायला तो पिस्तुलासकट मागे वळला. नळीत जिवंत काडतूस, बोट चापावर, आणि नळीसमोर आम्ही सहा जण उभे. शेजारी उभ्या असलेल्या जुन्या हवालदारांनी त्याचं मनगट धरलं आणि हात पुन्हा निशाणीकडे वळवला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दोन-तीन सेकंदांत माझ्या अंगाला सुटलेला घाम मला अजून आठवतो.

संध्याकाळी मी ते पिस्तूल उघडलं. रिकॉइल स्प्रिंग काढून कोऱ्या स्प्रिंगच्या शेजारी ठेवली. जुनी जवळजवळ बोटभर आखूड होती. मग मी रजिस्टर काढलं. पिस्तुलाचा नंबर होता, ते कुणाला कधी दिलं हे होतं, साफसफाईची तारीख होती. दारूगोळ्याच्या रजिस्टरमध्ये किती काडतुसं खर्च झाली तेही होतं. पण या एका पिस्तुलातून आजवर किती गोळ्या सुटल्या, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे हिशेब दोन्ही वह्यांत होता आणि तरीही कुठेच नव्हता.

आता या स्प्रिंगा करतात काय, ते सांगतो.

अर्धस्वयंचलित पिस्तुलात चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची तयारी पिस्तूल स्वतः करतं. चाप ओढला की घोडा, म्हणजे हॅमर, फायरिंग पिनवर आदळतो. पिन काडतुसाच्या बुडावरच्या टोपीवर ठोका मारते. दारू पेटते, गोळी पुढे जाते, आणि त्याच धक्क्यानं वरची स्लाइड मागे येते. मागे येताना ती रिकामी पुंगळी बाहेर फेकते, घोडा पुन्हा चढवते आणि रिकॉइल स्प्रिंग दाबते. मग ही दाबलेली स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते. पुढे जाताना स्लाइड मॅगझिनमधलं वरचं काडतूस उचलून नळीत घालते आणि मिटते. हे सगळं एका सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात होतं. मागे जायला दारूचा जोर असतो. पुढे यायला मात्र फक्त स्प्रिंगचा.

आपल्याकडे पोलिसांत आणि सैन्यात वर्षानुवर्षं वापरलेलं पिस्तूल म्हणजे पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेलं ९ मिलिमीटर ऑटो पिस्तूल. त्याचं मूळ आहे १९३५ चं ब्राउनिंग हाय-पॉवर. जॉन ब्राउनिंग हा अमेरिकन कारागीर १९२६ मध्ये वारला आणि त्याचं अर्धवट राहिलेलं काम बेल्जियमच्या द्यूदोने सेव्ह यानं पुरं केलं. या पिस्तुलात नळी आणि स्लाइड गोळी सुटताना एकमेकांत अडकलेली असतात. थोडं अंतर दोघी बरोबर मागे येतात, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं आणि स्लाइड एकटी मागे जाते. त्यामुळे धक्क्याचा काही भार ही अडकण घेते.

सर्वसामान्य परवानाधारकाला मात्र ९ मिलिमीटरचा बोअर मिळत नाही, तो निषिद्ध बोअरमध्ये येतो. त्याच्याकडे पिस्तूल असलं तर ते बहुधा .३२ बोअरचं. या बोअरच्या बहुतेक पिस्तुलांत ही अडकण नसते. स्लाइडचं वजन आणि मागची स्प्रिंग, दोघांनी मिळून सगळा धक्का झेलायचा असतो. म्हणजे पिस्तूल लहान, पण स्प्रिंगवर भिस्त जास्त. म्हणूनच लहान पिस्तूल आहे, त्याला काय होतंय, असं म्हणणं बरोबर नाही.

स्प्रिंग दमते म्हणजे नेमकं काय होतं? रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं १६७८ मध्ये नियम मांडला. स्प्रिंग जितकी ताणावी किंवा दाबावी, तितका तिचा उलटा जोर वाढतो. शाळेत आपण तो शिकलो आहोत. पण हा नियम एका मर्यादेपर्यंतच खरा. त्या मर्यादेपलीकडे दाबली तर स्प्रिंग मूळ लांबीवर परत येत नाही. आपल्याकडे त्यालाच 'स्प्रिंग बसली' म्हणतात. आणि मर्यादेच्या आत राहूनही हजारो वेळा दाबणं-सोडणं चाललं की पोलाद थकतं. तारेचा तुकडा हातात घेऊन वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा; थोड्या वेळानं तो तुटतो. तसंच हे, फक्त फार सावकाश. त्यात तारेवर एखादा ओरखडा किंवा गंजाचा ठिपका असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून गंजलेली स्प्रिंग घासून परत वापरायची नसते. गंज निघतो, खड्डा राहतो.

पिस्तुलातली प्रत्येक स्प्रिंग दमल्यावर वेगळ्या तऱ्हेनं तक्रार करते. ती तक्रार ओळखता आली पाहिजे.

रिकॉइल स्प्रिंग दमली की पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब पडू लागतात. स्लाइड मागे जोरात आदळते, हाताला धक्का जास्त जाणवतो. पुढे येताना मात्र तिच्यात दम नसतो, विशेषतः हत्यार थोडं मळलेलं असेल तर ती शेवटच्या टप्प्यात अडते. मी ज्या तक्रारीवर हसलो, ती हीच होती.

मॅगझिनची स्प्रिंग दमली की काडतुसं वेळेवर वर येत नाहीत. बहुतेकदा शेवटची दोन-तीन अडखळतात, कारण तेव्हा स्प्रिंग बरीचशी सुटलेली असते आणि तिचा जोर सगळ्यात कमी असतो. ज्या पिस्तुलांत शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागेच अडकून राहते, त्यांत ती अडकेनाशी होते. इथे एक गंमत सांगतो. अनेकदा दोष एका मॅगझिनचा असतो आणि शिक्षा सगळ्या पिस्तुलाला होते. म्हणून प्रत्येक मॅगझिनला नंबर द्या. दोन नंबरचं मॅगझिन दर वेळी अडखळतं हे कळलं की निम्मं निदान तिथेच झालं.

घोड्याची स्प्रिंग दमली की ठोका हलका पडतो. चाप ओढल्यावर 'टक' असा आवाज येतो, गोळी सुटत नाही. अशा वेळी नळी निशाणीकडेच धरून थोडा वेळ थांबावं, कारण काडतूस उशिरा पेटण्याची शक्यता असते. नंतर ते काडतूस बाहेर काढून टोपीवरची खूण पाहावी. खूण चांगली खोल असेल तर काडतूस नादुरुस्त असण्याचा संभव जास्त. उथळ असेल तर स्प्रिंग किंवा पिन यांच्याकडे पाहावं लागतं.

आणि एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याची, चिमुकली स्प्रिंग दमली की रिकामी पुंगळी नळीतच राहते किंवा स्लाइडच्या तोंडात उभी अडकते.

आता मुख्य प्रश्न. बदलायच्या कधी?

पहिलं उत्तर म्हणजे कारखान्याच्या पुस्तिकेत जे लिहिलं असेल ते. पुस्तिका नसेल तर जाणकारांमध्ये चालत आलेला अंदाज असा की, पूर्ण आकाराच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग साधारण ३ ते ५ हजार गोळ्यांनंतर बदलावी. आखूड पिस्तुलाची त्याच्या बरीच आधी, कारण तिथे जागा कमी असते आणि तेवढ्याच कामासाठी लहान स्प्रिंगला जास्त दबावं लागतं. मॅगझिनच्या स्प्रिंगला असा आकडा नाही. तिचं वागणं पाहून ठरवावं. घोड्याची स्प्रिंग सर्वसाधारणपणे जास्त टिकते, पण ठोका उथळ पडू लागला की वाट पाहू नये.

हे आकडे म्हणजे पंचांग नव्हे. तीन हजाराव्या गोळीला स्प्रिंग मरते असं नाही. पण आकडा जवळ आला की स्प्रिंग काढून नव्या स्प्रिंगशेजारी ठेवा. दोन-चार वेढ्यांइतकी आखूड दिसली तर तिचं काम संपलं. आणखी एक साधी तपासणी आहे. आधी मॅगझिन बाहेर काढायचं. मग स्लाइड मागे ओढून नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानं चाचपायचं. क्रम हाच, उलटा केला तर नळीत पुन्हा काडतूस शिरतं. आजूबाजूला काडतुसं ठेवायची नाहीत. मग पिस्तूल सुरक्षित दिशेला, नळी वर करून धरायचं, स्लाइड मागे ओढायची आणि हातानं आवरत हळूहळू पुढे सोडायची. स्प्रिंगमध्ये दम असेल तर ती स्लाइडला वर उचलून पूर्ण मिटवते. शेवटी अडली आणि अंगठ्यानं ढकलावी लागली, तर एक तर हत्यार मळलं आहे किंवा स्प्रिंग बसली आहे. आधी स्वच्छ करून पुन्हा पाहा. तरीही अडली तर स्प्रिंग बदला.

आता काही गैरसमज.

पहिला म्हणजे भरून ठेवलेल्या मॅगझिनची स्प्रिंग मरते. हा मी जन्मभर ऐकत आलो. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवली तर तिचा जोर फार थोडा कमी होतो. तिला दमवतं ते भरणं आणि रिकामं करणं. रोज संध्याकाळी काडतुसं काढायची आणि रोज सकाळी भरायची, ही सुरक्षिततेसाठी योग्य शिस्त आहे आणि ती पाळलीच पाहिजे. पण त्यानं स्प्रिंगला विश्रांती मिळते या समजुतीत राहू नये. उलट तिची मेहनत वाढते, म्हणून तिची तपासणीही लवकर हवी.

दुसरा गैरसमज फार जुना आहे. आखूड झालेली स्प्रिंग दोन हातांनी ताणून लांब करायची. दिसायला ती नव्यासारखी दिसते. चार-दोन दिवस चालतेही. पण पोलाद आधीच थकलेलं असतं, ताणल्यानं त्याला आणखी एक इजा होते. सायकलच्या स्टँडची ताणलेली स्प्रिंग महिनाभरात पुन्हा लोंबते हे आपण पाहिलं आहे. स्टँड लोंबला तर सायकल पडते. इथे प्रकरण तेवढ्यावर थांबत नाही.

तिसरा गैरसमज असा की कडक स्प्रिंग म्हणजे चांगली स्प्रिंग. नाही. स्प्रिंग गरजेपेक्षा कडक झाली तर स्लाइड पुरती मागे जाणार नाही, पुंगळी बाहेर पडणार नाही, आणि परत येताना स्लाइड जास्त जोरानं आपटेल. त्या पिस्तुलाला, त्या काडतुसाला जी ठरवली आहे तीच स्प्रिंग घालायची. दुसऱ्या पिस्तुलाची बसली म्हणून चालली, असं इथे नसतं.

घरी पिस्तूल असणाऱ्यांसाठी दोन शब्द वेगळे. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे हत्यार दुरुस्त करण्यासाठीसुद्धा परवाना लागतो. स्वच्छतेसाठी जेवढं सुटं करायला पुस्तिकेत सांगितलं आहे तेवढंच आपण करावं. घोड्याच्या, चापाच्या स्प्रिंगांना हात लावू नये, कानस तर मुळीच चालवू नये. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच जावं. गावातला लेथवाला कितीही हुशार असला तरी हे त्याचं काम नव्हे.

बहुतेक परवानाधारकांच्या बाबतीत गोळ्यांचा आकडा हा प्रश्नच नसतो. वर्षानुवर्षं पिस्तूल कपाटात. त्यांची स्प्रिंग वापरानं दमत नाही, दुर्लक्षानं बिघडते. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. जुनं तेल घट्ट होऊन गमासारखं चिकटतं. त्यात धूळ बसते, आणि यंत्रमागाचा कारखाना जवळ असेल तर सुताचा बारीक कापूसही बसतो. तेल आणि धूळ यांचा चिखल झाला की चांगल्या स्प्रिंगलाही स्लाइड पुढे ढकलवत नाही. मग पावसाळ्यात, कातडी म्यानात ठेवलेल्या हत्याराला गंज धरतो, कारण कातडं ओल शोषून घेतं. म्हणून म्यानात घालून कायमचं ठेवून देऊ नये. तेल थोडं लावावं, पुसून घ्यावं, आणि उन्हाळ्यानंतर व पावसाळ्यानंतर एकदा तपासावं.

निवडणूक आली की परवानाधारकांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात. ती आठवडेच्या आठवडे तिथे राहतात. परत मिळालेलं पिस्तूल तसंच कपाटात जातं. माझं सांगणं एवढंच, की परत मिळालं त्याच आठवड्यात ते जाणकाराला दाखवा. मॅगझिन वर-खाली होतं का, स्लाइड मिटते का, कुठे गंजाचा ठिपका आहे का. दोन निवडणुकांच्या मध्ये ज्यानं हत्यार एकदाही पाहिलं नाही, त्यानं संरक्षणासाठी ते ठेवलं आहे असं म्हणू नये.

नेमबाजीच्या मैदानावर हीच गोष्ट गुणांत मोजली जाते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. आशियाई स्पर्धांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या प्रकारात .२२ चं अर्धस्वयंचलित पिस्तूल असतं, मॅगझिनमध्ये पाच गोळ्या. जलद फेरीत निशाण ३ सेकंद दिसतं, ७ सेकंद दिसत नाही, आणि दर वेळी एकच गोळी मारायची. .२२ च्या काडतुसाचा धक्का हलका, म्हणून त्या पिस्तुलाच्या स्प्रिंगाही हलक्या आणि काडतुसाशी जुळवून घेतलेल्या असतात. त्या ३ सेकंदांत पिस्तूल अडलं तर नियमात बसणाऱ्या बिघाडाला सवलत आहे, पण ती मोजून मिळते. आणि तुटलेली एकाग्रता कुठलाही नियम परत देत नाही.

२५ जुलै २०२१ चं टोकियो ऑलिंपिक आठवा. मनू भाकर १० मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत होत्या. ते हवेवर चालणारं पिस्तूल, त्यात रिकॉइल स्प्रिंगचा प्रश्न नव्हता, पण ऐन फेरीत त्याचा एक भाग बिघडला. दुरुस्तीत सुमारे २० मिनिटं गेली. त्यांनी ५७५ गुण मिळवले, १२ व्या आल्या आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला त्यांनी दोन कांस्यपदकं मिळवली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी जगातल्या उत्तम हत्यारानंसुद्धा वेळ पाहून दगा दिला. नेमबाजी शिकणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो, सरावात जे कुरकुरतं ते स्पर्धेत थांबतं. सरावातली कुरकुर लिहून ठेवा.

श्रोतेहो, आता माझ्या बोलण्याचं सार. एक छोटी वही घ्या. शंभर पानांची नको, चाळीस पानांची पुरे. पहिल्या पानावर पिस्तुलाचा नंबर. मग तारीख, किती गोळ्या झाडल्या, कुठल्या नंबरच्या मॅगझिनमधून, काही अडलं का, अडलं तर कितव्या गोळीला. स्प्रिंग बदलली तर तारखेखाली रेघ ओढा आणि गोळ्यांची मोजणी शून्यापासून सुरू करा. ज्या ठिकाणी अनेक पिस्तुलं आहेत, तिथे ही वही माणसाच्या नावानं नको, हत्याराच्या नंबरानं हवी. माणसं बदलतात, हत्यार तेच राहतं. कपाटातल्या पिस्तुलालाही वही हवी. तिच्यात गोळ्यांचे आकडे नसतील, तपासणीच्या तारखा असतील.

आणि वहीत जे लिहिता येत नाही ते ऐकायला शिका. हत्यार हाताळणारा पोरगा सांगेल, उस्ताद, आज धक्का जास्त बसला. पुंगळ्या लांब पडल्या. स्लाइड जड वाटली. त्याला स्प्रिंगचं नाव माहीत नसेल, पण त्याच्या हाताला कळलेलं असतं. त्याला हसू नका.

त्या सकाळनंतर मी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक पिस्तुलासाठी गोळ्यांची वही सुरू केली. आणि सराव सुरू होण्याआधी प्रत्येक नव्या जवानाकडून एक वाक्य म्हणवून घ्यायला लागलो. हत्यार अडलं तर बोट चापावरून बाहेर, नळी निशाणीकडे, आणि मोकळा हात वर. मागे वळायचं नाही. कारण स्प्रिंग कितीही वेळेवर बदलली तरी एखादा दिवस असा येतोच की हत्यार अडतं. त्या दिवशी वाचवते ती शिस्त. असे दिवस कमी यावेत म्हणून ही वही.

तो जवान नंतर चांगला नेमबाज झाला. निवृत्त होताना मला भेटायला आला. मी त्याला म्हणालो, त्या दिवशी चूक तुझी नव्हती, माझी होती. तू वळलास एका क्षणात, मी दुर्लक्ष केलं आठवडाभर. तो काही बोलला नाही. त्यानं खिशातून एक लहान वही काढून दाखवली. त्याच्या ताब्यातल्या हत्यारांची होती. शेवटच्या पानावर आदल्या महिन्याची तारीख होती आणि तिच्याखाली रेघ.

वडिलांच्या मिलचा भोंगा बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. ते साचे गेले, त्यांच्यावरच्या खडूच्या तारखाही पुसल्या गेल्या. स्प्रिंगचं मात्र तेच आहे. साच्यात असो की पिस्तुलात, ती दमायला लागली की आधी थोडं सांगते. तेवढं ऐकून वेळेवर बदलली तर खर्च किरकोळ.